सांगाडा तिथेच ठेव, मजकूर घेऊन ये

बाळा, वेबसाइटचा बिल्डर बदलायचं काम घेतलं की पहिल्याच बैठकीत एक वाक्य कानावर पडतं: "दिसायला आत्ता आहे तस्संच राहू दे, फक्त नव्यात टाकून द्या." ऐकायला सोपं वाटतं म्हणून माणूस मान डोलावतो, पंधरा दिवसांचा वायदा करतो आणि दोन महिने त्यातच अडकतो. तुझ्याकडे आता एका तालुक्याच्या गावच्या वाचनालयाची साइट आली आहे. ती वर्डप्रेसवर आहे, पानं डब्ल्यूपीबेकरीत बांधलेली आहेत आणि ती वर्डप्रेसच्या स्वतःच्या ब्लॉक एडिटरमध्ये आणायची आहेत. हात घालण्याआधी आत्याचं थोडं ऐकून घे.

मी या धंद्यात आले तेव्हा पानं टेबलांमध्ये बांधायची पद्धत होती. दोन रकान्यांत अंतर हवं तर एक पिक्सेलची पारदर्शक जीआयएफ घालायची आणि ती ताणायची. मग सीएसएस रुजलं. २०१० साली इथन मार्कोट यांनी रिस्पॉन्सिव्ह डिझाइनची कल्पना मांडली आणि मोबाइलपासून मॉनिटरपर्यंत एकच पान बसवायचं ठरलं. पुढे माउसनं ओढून तुकडे ठेवायचे बिल्डर आले. २०१६ साली एलिमेंटर आला, डिसेंबर २०१८ मध्ये वर्डप्रेस ५.० बरोबर ब्लॉक एडिटर आला. दर वळणावर कोणीतरी बसून जुनी पानं नव्यात आणली. त्यातून टिकलं ते तीनच: मजकूर, फोटो आणि पानाचा पत्ता. मांडणी प्रत्येक वेळी मागे राहिली. भाड्याच्या खोलीत बसवलेल्या फडताळासारखं आहे ते. खोली सोडताना भांडी न्यायची, फडताळ भिंतीतच राहतं.

म्हणून सांगते, सांगाडा ज्याचा त्याच्याकडे राहू दे. मजकूर, फोटो आणि पत्ते सुखरूप आण आणि नव्या जागेच्या रीतीनं सांगाडा नव्यानं उभा कर. पुढचं सगळं याच्याच पोटातलं आहे.

१. मजकूर कुठे राहतो ते आधी बघ

वर्डप्रेसमध्ये पानाचा मजकूर डेटाबेसच्या पोस्ट्स टेबलात, पोस्ट कंटेंट नावाच्या रकान्यात असतो. त्या रकान्याशी प्रत्येक बिल्डर आपल्या पद्धतीनं वागतो. डब्ल्यूपीबेकरी आणि चौथ्या आवृत्तीपर्यंतचं डिव्ही तिथे शॉर्टकोड लिहितात. चौकटी कंसात 'व्हीसी रो', त्याच्या पोटात 'व्हीसी कॉलम', त्याच्याही पोटात 'व्हीसी कॉलम टेक्स्ट', आणि मग कुठे वाचनालयाची वेळ सकाळी आठ ते अकरा. एलिमेंटर सगळी मांडणी जेसनच्या एका लांबलचक ओळीत पोस्टमेटा टेबलात ठेवतो आणि पोस्ट कंटेंटमध्ये मजकुराची साधी प्रत सोडतो. ब्लॉक एडिटर सरळ एचटीएमएल लिहितो आणि प्रत्येक तुकड्याच्या मागेपुढे कॉमेंटमध्ये आपली खूण घालतो.

हा फरक प्लगइन बंद केलं की उघडा पडतो. शॉर्टकोडवाल्याचं पान कंसांनी भरून जातं. एलिमेंटरच्या पानावर मजकूर वाचता येतो, साज तेवढा उतरतो. ब्लॉकचं पान बहुतांशी जागच्या जागी राहतं, फक्त बाहेरच्या प्लगइनचे ब्लॉक असतील तर ते बिघडतात. म्हणून साइटच्या कॉपीवर बिल्डर बंद कर, चार पानं उघड आणि काय उरतं ते बघ. कामाचा अंदाज तिथेच येतो.

डब्ल्यूपीबेकरीची एक खोड लक्षात ठेव. त्यात 'रॉ एचटीएमएल' नावाचा तुकडा असतो आणि लोक गुगल नकाशा, यूट्यूबचा व्हिडिओ नाहीतर देणगीचं बटण त्यातच चिकटवतात. त्या तुकड्यातला मजकूर बेस-६४ मध्ये गुंडाळून साठवला जातो. डेटाबेसमध्ये तो अर्थहीन अक्षरांची लांब साखळी दिसतो. शोध घेतलास तर आतली लिंक सापडणार नाही, सरसकट बदल केलास तर आतला जुना पत्ता बदलणार नाही. असे तुकडे बिल्डर चालू असतानाच उघडून त्यातला कोड वेगळ्या फाइलीत उतरवून घे.

वर्डप्रेसबाहेरून कोणी येत असेल तर आधीच सावध हो. विक्सवरची साइट जशीच्या तशी बाहेर नेता येत नाही. स्क्वेअरस्पेस वर्डप्रेसला समजेल अशी एक्सएमएल फाइल देतो, पण त्यात सगळ्या प्रकारची पानं येत नाहीत. वेबफ्लो पैसे भरलेल्या योजनेत एचटीएमएल आणि सीएसएस देतो, पण त्याचे फॉर्म आणि सीएमएस बाहेर चालत नाहीत. अशा कामात बराच मजकूर हातानं उचलावा लागतो, तेव्हा ते दरपत्रकात आधीच धर.

२. कॉपीवरच हात चालव

चालू साइटवर एकही पान बदलायचं नाही. डेटाबेस आणि अपलोड्सचा फोल्डर दोन्हीचा बॅकअप घे आणि तो दुसरीकडे चढवून साइट उघडून बघ. उघडून न बघितलेल्या बॅकअपवर विसंबू नये.

ही कॉपी, म्हणजे स्टेजिंग, तयार झाली की तीन गोष्टी लगेच कर. सर्च इंजिनांना मनाई करणारी खूण लाव, नाहीतर गुगलला एकच साइट दोन जागी दिसेल. फॉर्मचे ईमेल स्वतःकडे वळव, नाहीतर तू चाचणी म्हणून भरलेले सभासदत्वाचे अर्ज ग्रंथपालांच्या इनबॉक्सात जाऊन पडतील. ऑनलाइन वर्गणी घेत असतील तर पेमेंट टेस्ट मोडवर टाक. शेवटी साइट चालू करताना ती मनाईची खूण काढायची, हे आत्ताच भिंतीवर लिहून ठेव. ती खूण तशीच राहिली की महिन्याभरानं फोन येतो, "आमचं नाव गुगलवर दिसेनासं झालं."

३. पानं मोजू नकोस, साचे मोज

ग्राहक सांगतो, "साठ पानं आहेत." यादी काढ आणि सारखी पानं एकत्र लाव. साठातली चाळीस बहुधा एकाच साच्याची निघतात: वर फोटो, खाली मजकूर, बाजूला संपर्क. कार्यक्रमाचं पान दुसरा साचा, कार्यकारिणीच्या फोटोंचं तिसरा, नियमावलीचं चौथा. मुखपृष्ठ स्वतंत्र. पाच-सहा साच्यांवर सगळी साइट उभी असते. ते साचे नीट बांधलेस की उरलेलं काम मजकूर भरण्याचं राहतं.

यादी करतानाच गुगलचं सर्च कन्सोल उघडून बघ, शोधातून लोक खरोखर कुठल्या पानांवर येतात. तीन वर्षांपूर्वीच्या व्याख्यानमालेचं पान नव्यात सुबक बांधायचं की जुन्या कार्यक्रमांच्या यादीत एक ओळ करायची, हे संस्थेला विचार. जे पान कोणी उघडत नाही त्याच्यावर रात्र जागवू नकोस. पण कोणाला न विचारता पुसूही नकोस. एखादा जुना अहवाल अनुदानाच्या कामासाठी लागतो.

प्रत्येक साच्याचे तीन रुंदीत स्क्रीनशॉट काढून ठेव: मोबाइल, टॅबलेट, लॅपटॉप. पुढे "आधी असं नव्हतं" असं कोणी म्हणालं की वाद घालायला नको, चित्र समोर ठेवायचं.

४. तुकड्याला तुकडा लावायचा तक्ता कर

डाव्या बाजूला जुन्या बिल्डरमधला तुकडा, उजव्या बाजूला नव्यातला. रो आणि कॉलमला ग्रुप आणि कॉलम्स ब्लॉक. फोटोवर मथळा असलेल्या पट्टीला कव्हर ब्लॉक. फोटो आणि शेजारी मजकूर असेल तर मीडिया अँड टेक्स्ट. प्रश्नोत्तरांच्या घडीला डिटेल्स ब्लॉक. जिथे उजवी बाजू रिकामी राहते तिथेच खरा निर्णय घ्यायचा असतो. उदाहरणार्थ फिरता स्लायडर वर्डप्रेसच्या गाभ्यात मिळत नाही. त्यासाठी नवं प्लगइन आणायचं, की पाच फोटोंतला एक चांगला फोटो ठेवायचा? मला विचारशील तर एक फोटो. पाचव्या फोटोपर्यंत कोणी थांबत नाही.

जुन्या पानात डब्यात डबा, त्यात आणखी डबा असं असतं. अंतर जमत नव्हतं म्हणून कोणीतरी आणखी एक कॉलम घातलेला असतो. ते थर जसेच्या तसे आणू नकोस. वाचणाऱ्याला काय दिसतं ते बघ आणि तेवढ्यासाठी कमीत कमी थर वापर. एलिमेंटरनंही २०२२ मध्ये सेक्शन-कॉलमच्या जोडीला फ्लेक्सबॉक्स कंटेनर आणले. थर कमी व्हावेत हे त्यामागचं मोठं कारण. एकाच बिल्डरच्या आतसुद्धा मांडणी नव्यानं करावी लागते, तर दोन बिल्डरांमध्ये ती करावी लागणारच.

डब्ल्यूपीबेकरीत 'डिझाइन ऑप्शन्स'मध्ये दिलेली पॅडिंग आणि पार्श्वभूमी शॉर्टकोडच्या कंसात लिहिलेली असते. पण पानाला लागणारं सीएसएस पोस्टमेटात वेगळं साठवलेलं असतं. मजकूर आला आणि अंतर हरवलं, असं झालं तर गोंधळू नकोस.

५. यंत्रानं केलेलं तपासून घे

रूपांतर करणारी प्लगइनं मिळतात, जरूर वापर. मथळे, परिच्छेद, फोटो, साधी बटणं ती बरी आणतात. वर्डप्रेसमध्ये जुन्या क्लासिक मजकुरासाठी 'कन्व्हर्ट टू ब्लॉक्स' आहेच, पण शॉर्टकोड दिसला की ते मुकाट्यानं त्याचा शॉर्टकोड ब्लॉक करून मोकळं होतं. पान ब्लॉकचं झालं असं वाटतं आणि आत डब्ल्यूपीबेकरी तशीच बसलेली असते. जुनं प्लगइन काढलं की पान पुन्हा कंसांचं.

यंत्राला हमखास चकवणारी एक जागा सांगते. जुन्या बिल्डरमध्ये लोक एकाच भागाच्या दोन प्रती करतात. एक मोठ्या पडद्यासाठी, मोबाइलवर लपवलेली. दुसरी मोबाइलसाठी, मोठ्या पडद्यावर लपवलेली. रूपांतरात 'लपव' ही सूचना गळते आणि दोन्ही प्रती उघड्या पडतात. मग पानावर वाचनालयाची वेळ दोनदा येते. त्यात एक जुनी असते, कारण गेल्या वर्षी वेळ बदलली तेव्हा कोणीतरी एकाच प्रतीत दुरुस्ती केलेली असते. अशी जोडी सापडली की नवी कुठली ते ग्रंथपालांना विचार आणि दुसरी काढून टाक.

ब्लॉकच्या एचटीएमएलमध्ये हातानं ढवळाढवळ केलीस तर एडिटर तक्रार करतो की या ब्लॉकमध्ये अनपेक्षित मजकूर आहे, आणि दुरुस्तीचं बटण पुढे करतो. ते डोळे मिटून दाबायचं नाही. आधी बदल काय होतोय ते बघायचं.

एआयकडून पान उतरवून घेणार असशील तर मजकूर शब्दाला शब्द ताडून बघ. ही साधनं न सांगता वाक्य सफाईदार करतात. आजीव सभासदाच्या नियमात एक शब्द इकडचा तिकडे झाला तर वार्षिक सभेत त्यावर तासभर भांडण होईल. जुन्या आणि नव्या पानाचा नुसता मजकूर दोन फाइलींत काढ आणि डिफ लावून फरक बघ.

६. रंग, अक्षर, अंतर एकाच जागी ठरव

पहिलं पान बांधण्याआधी साइटचे रंग, मथळ्यांचे आकार आणि दोन भागांतलं अंतर एका जागी नक्की कर. ब्लॉक थीममध्ये ते थीम डॉट जेसनमधून चालतं; ही सोय वर्डप्रेस ५.८ पासून, म्हणजे २०२१ पासून आहे. एलिमेंटरमध्ये ग्लोबल कलर आणि ग्लोबल फॉण्ट आहेत. प्रत्येक पानावर रंगाचा कोड हातानं टाकलास तर उद्या संस्थेनं बोधचिन्हाचा रंग बदलला की साठ पानं पुन्हा उघडावी लागतील.

रुंदीही आधीच बघ. डिव्हीची मूळ रुंदी १०८० पिक्सेल, एलिमेंटरची ११४०, आणि थीम आपली तिसरीच सांगते. मथळा जिथे एका ओळीत बसत होता तिथे दोन ओळींत तुटेल, तीन कार्डांची उंची कमीजास्त होईल. पडदा किती अरुंद झाला की कॉलम एकाखाली एक यायचे, याचेही आकडे वेगळे असतात. डब्ल्यूपीबेकरीत ७६८ पिक्सेलला कॉलम शेजारी-शेजारी असतात. वर्डप्रेसचा कॉलम्स ब्लॉक ७८१ पर्यंत ते एकाखाली एक लावतो. उभा धरलेला जुना आयपॅड बरोबर ७६८ रुंदीचा. म्हणजे अध्यक्षांकडे तोच आयपॅड असला तर तुला लॅपटॉपवर सगळं ठीक दिसेल आणि त्यांना पान बदललेलं दिसेल. ती रुंदी मुद्दाम तपास.

७. मराठीचे लाड आधी पुरव

बिल्डरांचे तयार साचे रोमन अक्षरं समोर ठेवून आखलेले असतात. त्यात मराठी ओतलं की काय काय होतं ते नीट ऐक.

पहिलं, ओळींतलं अंतर. मथळ्याला १.१ किंवा १.२ लाइन-हाइट दिलेली असते. मराठी मथळा दोन ओळींत गेला की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत आणि रफारांत घुसतात. मथळ्यांना १.४ च्या आसपास ने, मजकुराला त्याहून मोकळं ठेव.

दुसरं, लेटर-स्पेसिंग. बटणांवर आणि छोट्या मथळ्यांवर अक्षरं सुटी करायची फॅशन आहे. देवनागरीत त्यानं शिरोरेषा तुटते आणि शब्द विस्कटल्यासारखा दिसतो. जिथे जिथे हा आकडा असेल तिथे शून्य कर. नुसतं मुखपृष्ठ बघून सोडू नकोस, बटण, मेनू आणि तळटीपही बघ.

तिसरं, फॉण्ट. नव्या साच्यात लाटो किंवा माँटसेराट असेल तर त्यात देवनागरी नाही. मग ब्राउझर आपल्या मनानं दुसरा फॉण्ट उचलतो: विंडोजवर निर्मला, अँड्रॉइडवर नोटो, अ‍ॅपलवर कोहिनूर. एकच पान तीन घरी तीन रूपांत दिसतं. देवनागरी असलेला फॉण्ट निवड. मुंबईच्या एक टाइपचे मुक्ता आणि बलू आहेत, पॉपिन्समध्येही देवनागरी आहे. निवडताना जाडीही बघ, कारण नुसती रेग्युलर चढवलीस तर ब्राउझर ठळक अक्षर ओढूनताणून बनवतो आणि जोडाक्षरांचे गठ्ठे होतात. साइटची भाषा मराठी अशी लाव. त्यामुळे अंध वाचकांच्या स्क्रीन रीडरला भाषा कळते आणि ज्या फॉण्टमध्ये मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' दिलेले आहेत तिथे ते उमटतात.

चौथं, न दिसणारी अक्षरं. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' यांतला अर्धा र काही कीबोर्ड साध्या र आणि हलन्तानंतर झीरो विड्थ जॉइनर घालून लिहितात. मजकूर स्वच्छ करणारं एखादं साधन हे अदृश्य चिन्ह कचरा समजून काढतं आणि 'ऱ्या'च्या जागी रफार उमटतो. 'आचाऱ्यांचा सत्कार' आणि 'आचार्यांचा सत्कार' यांत सत्कार वेगळ्याच माणसाचा होतो, हे तुला सांगायला नको. मजकूर उचलण्याआधी असे चार-पाच शब्द हेरून ठेव आणि नंतर तेच तपास.

पाचवं, जुने फॉण्ट. पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या पानांत शिवाजी किंवा श्रीलिपीत टाइप केलेला मजकूर असू शकतो. तो युनिकोड नसतो. खाली रोमन अक्षरंच असतात, वर फॉण्टचं सोंग असतं. नव्या बिल्डरमध्ये फॉण्ट बदलला की सोंग उतरतं. असा मजकूर आधी युनिकोडमध्ये आणायचा आणि कोणाकडून तरी शुद्धलेखन तपासून घ्यायचं. यंत्राच्या रूपांतरात जोडाक्षरं आणि रफार हमखास हुकतात.

आणि डेटाबेस हलवल्यावर सगळीकडे डोक्यावर तिरपी रेघ असलेला छोटा रोमन ए आणि त्यामागे चलनाची गोल खूण दिसायला लागली तर घाबरू नकोस. मजकूर गेलेला नाही. युनिकोड बाइट लॅटिन-१ समजून वाचले जात आहेत. पण त्या अवस्थेत पान उघडून 'अपडेट' दाबू नकोस, नाहीतर तो गोंधळ कायमचा साठवला जाईल. बॅकअपवरून पुन्हा चढव, कॅरेक्टर सेट नीट देऊन.

८. पत्ता मोडू देऊ नकोस

पान नवं करायचं नाही, त्याच पानात नवी मांडणी भरायची. नवं पान केलंस तर जुना पत्ता अडलेला असल्यामुळे वर्डप्रेस नव्या पत्त्याला मागे २ जोडतो. मेनू आणि मुखपृष्ठाची निवडही पानाच्या क्रमांकाला बांधलेली असते. त्याच पानात काम केलंस तर हे सगळं जागेवर राहतं.

मराठी पत्त्यांची मेख वेगळी आहे. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो की काना, मात्रा, वेलांटी, पत्त्यात तीन बाइटचं होतं आणि टक्क्याच्या खुणांसह नऊ जागा खातं. वर्डप्रेस पत्त्याला २०० जागा देतो. म्हणजे बावीसेक चिन्हं. 'वार्षिक सर्वसाधारण सभा सूचना' या मथळ्याचा पत्ता होतो 'वार्षिक-सर्वसाधारण-सभा-स'. पुढचं कापलं जातं. आता समज, दुसऱ्या कुठल्या प्रणालीतून पानं आणलीस आणि तिथे पत्ता पूर्ण होता, तर जुनी लिंक नव्या साइटवर सापडणारच नाही. म्हणून जुन्या पत्त्यांची यादी आधीच काढून ठेवायची, जे बदलतील त्यांना ३०१ रीडायरेक्ट लावायचं आणि नव्या पानांना छोटे रोमन पत्ते द्यायचे. छापील निमंत्रणपत्रिकांवर गेलेले पत्ते तर मोडताच कामा नयेत, कारण कागदावर रीडायरेक्ट लावता येत नाही.

डोमेन बदलत असेल तर डेटाबेसमध्ये साधं शोधा-बदला चालवू नकोस. पीएचपीच्या सीरियलाइज केलेल्या नोंदींत मजकुराआधी त्याची लांबी आकड्यात लिहिलेली असते. पत्त्याची लांबी बदलली आणि आकडा तसाच राहिला की ती अख्खी नोंद वाचता येत नाही. डब्ल्यूपी-सीएलआयची सर्च-रिप्लेस आज्ञा हा हिशोब सांभाळते. आधी ड्राय रन करून बघ, मग खरं चालव. एलिमेंटरच्या जेसनमध्ये तिरप्या रेघांपुढे उलटी रेघ असते, त्यामुळे तिथले पत्ते या आज्ञेतून सुटू शकतात. त्यासाठी एलिमेंटरच्या टूल्समध्ये पत्ता बदलायची वेगळी सोय आहे.

मथळ्यांच्या पातळ्याही जाता जाता बघ. जुन्या बिल्डरमध्ये मोठं अक्षर हवं म्हणून एका पानावर चार-चार एच-वन घातलेले असतात. एक ठेव, बाकीचे क्रमानं खाली आण. फोटोंचे ऑल्ट टेक्स्ट आले का तेही तपास.

९. बदलाच्या दिवशी

संस्थेला आधी कळव की अमुक दिवसापासून बदल होईपर्यंत साइटवर नवीन काही टाकायचं नाही. नाहीतर तू स्टेजिंगवर काम करत असताना ग्रंथपाल चालू साइटवर नव्या पुस्तकांची यादी टाकतील आणि तुझ्या बदलात ती पुसली जाईल. वाचनालयाच्या साप्ताहिक सुट्टीचा दिवस धर. शुक्रवारी संध्याकाळी कधीच करू नकोस, होस्टिंगवाल्याचा फोन शनिवारी लागत नाही.

बदल झाला की कॅशे रिकामी कर आणि फॉर्म स्वतः भरून ईमेल पोचतो का बघ. डेटाबेसमध्ये चौकटी कंस आणि 'व्हीसी' असं शोध. विजेटमध्ये, तळपट्टीत, एखाद्या जुन्या बातमीत एखादा शॉर्टकोड लपलेला निघतोच. जुना बिल्डर लगेच काढू नकोस, नुसता बंद ठेव. पंधरा दिवस तक्रार आली नाही की मग काढ.

१०. पैसे आणि किल्ल्या

दर पानावर लावू नकोस. साच्यांचा एक दर, मजकूर भरण्याचा दुसरा, फॉर्म आणि पेमेंट यांचा तिसरा. 'तस्संच' म्हणजे काय ते लिहून घे: मजकूर, फोटो, रंग आणि क्रम तोच, अंतर आणि हालचाली नव्या बिल्डरच्या रीतीनं. ही एक ओळ दरपत्रकात असली की पुढचे निम्मे फोन वाचतात.

डोमेन, होस्टिंग आणि प्लगइनचे परवाने कोणाच्या नावावर आहेत ते तपास. पुष्कळ जुन्या साइटवर डब्ल्यूपीबेकरी थीमसोबत आलेलं असतं. वेगळा परवाना नसल्यामुळे त्याची अपडेट थीमवाला देईल तेव्हाच येते, आणि थीमवाल्यानं लक्ष काढून घेतलं की तीही थांबते. पुष्कळदा बिल्डर बदलायची वेळ त्यातूनच आलेली असते. नव्यात सगळं संस्थेच्या नावावर आणि संस्थेच्या ईमेलवर घे, तुझ्या नाही. एका पानाची नोंद लिहून दे: कुठले साचे, कुठली प्लगइनं, प्रत्येक कशासाठी, नूतनीकरण कधी. पुढे ही साइट आणखी कोणी तिसऱ्या बिल्डरमध्ये नेईल, तेव्हा त्याला तुला फोन करावा लागू नये.

आणि काम संपलं असं स्वतःच ठरवू नकोस. ग्रंथपालबाईंना सांग, "दिवाळीच्या सुट्टीची सूचना तुम्ही स्वतः टाका." तू शेजारी बस, पण माउसला हात लावू नकोस आणि मध्ये बोलूही नकोस. त्या जिथे अडतील तिथे तुझा साचा चुकला असं समजून घरी येऊन तो दुरुस्त कर. न अडता त्यांनी सूचना टाकली, फोटो लावला आणि ती मोबाइलवर बघून तुला चहा विचारला, की बिल खुशाल पुढे कर.